मोडणारे आणि जुळवणाऱ्या

“किती फिरशील पाखरा, दिस कलला रानात,
दार ठेविलं उघडं, ये रे आपुल्या घरात…”

हा आवाज धाकटीनं, घराच्या धाकट्या सुनेनं, पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती नवी नवरी, या घरात पाहुणीच होती. आपला पेला कुठला, आपली खुंटी कुठली, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. भिंतीपलीकडून कुणीतरी गात होतं. गाणं तरी कसलं, लेकराला निजवता निजवता बाईनं स्वतःच पेंगावं तसला जाड, उबदार, ओढत नेलेला सूर. तिला वाटलं, घरात तान्हं मूल आहे आणि मला कुणी सांगितलं कसं नाही? मग ओळ अर्ध्यावरच थांबली, ‘टक्’ असं काहीतरी वाजलं आणि एक दांडगा पुरुषी आवाज म्हणाला, “आई गं… बसलं की.” पाठोपाठ बायकांचं हसणं.

गाणारी आत्या होती. सासऱ्यांची बहीण, लग्न करून कुठंच न गेलेली, आणि आसपासच्या सगळ्या गल्ल्यांची हाडवैद्य. पलीकडे तान्हं मूल नव्हतं, खांदा निखळलेला एक हमाल होता. पाखरू म्हणजे त्याचं हाड आणि घर म्हणजे खांद्याची खोबण. माणूस ओळ पुरी व्हायची वाट बघतो, वाट बघता बघता अंग सैल सोडतो, आणि आत्याचा हात ओळ संपायच्या आधीच काम उरकून मोकळा होतो. ही युक्ती पुढं आत्यानंच धाकटीला शिकवली. त्या दिवशी मात्र ती भिंतीला कान लावून उभी होती आणि मनाशी म्हणत होती, मला त्या खोलीत जायचंय.

आज ती त्याच खोलीत बसली होती. आता ही खोली तिची होती. हातही तिचेच चालायचे, कारण आत्याची बोटं आल्याच्या कुड्यांसारखी वाकडी होऊन बसली होती. आणि या खोलीत उद्यापासून कुणी पाऊल ठेवील की नाही, यावर घरातली माणसं भांडत होती.

भांडणाचं कारण मधोमध उघडं पडलं होतं. ठेंगण्या लाकडी घोडीवर आडवं ठेवलेलं चाक, धिप्पाड माणूस हातपाय पसरून झोपला तरी पुरेल एवढं. आऱ्यांवर फळ्या ठोकलेल्या. एरवी फळ्यांवर गोधडी आणि गोधडीवर जमिनीपर्यंत लोंबणारी पांढरी चादर असायची, आणि येणारेजाणारे त्याला ‘आजींचं गोल टेबल’ म्हणायचे. शहराच्या संग्रहालयाला हे चाक भेट हवं होतं; तिथली माणसं मापं घ्यायला आली तेव्हा चादर निघाली. तेव्हापासून ती लोखंडी धाव साऱ्यांना दिसत होती. धावेच्या एका कडेला लोखंडाचा कंगोरा वर काढलेला होता. तसा कंगोरा कुठल्याच गाडीच्या चाकाला नसतो; हे चाक कधी गाडीला लागलंच नव्हतं. मापं घेताना ते घोडीवरून सरकलं आणि सावरायला गेलेल्या धाकटीचं उजवं मनगट दुखावलं. आत्यानं आपल्या वाकड्या बोटांनी त्यावर फडकं आवळून बांधलं होतं.

“माझं म्हणणं मी एका वाक्यात सांगतो,” थोरला म्हणाला.

“दादा, तुझं एक वाक्य म्हणजे चहा गार होतो,” धाकटा म्हणाला. धाकटीचा नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. संग्रहालयासाठी चाकाचं चित्र त्यानंच काढलं होतं आणि ते फार सुरेख उतरलंय असं त्याचं स्वतःचं मत होतं.

“मग दोन वाक्यांत ऐक. संग्रहालयाच्या बाई आज उत्तर न्यायला येतायत. त्या येण्याआधी हे चाक माझ्या वखारीत जाईल आणि करवतीखाली त्याचा भुगा होईल.”

“वाळलेलं लाकूड आहे रे,” आत्या खिडकीशी खुर्चीतून म्हणाली. “तुझ्या करवतीचेच दात पडतील.”

“पडू देत. दुसरे बसवीन.” थोरला उभाच होता. या खोलीत तो कधी बसायचा नाही. उंबऱ्याच्या आत यायचा, दाराच्या चौकटीला टेकायचा आणि हात पाठीमागे बांधायचा. “आत्या, बाई पाटी लावणार. पाटीवर लिहिणार, देहदंडाचं चाक, अमुक घराण्याकडून भेट. अमुक म्हणजे आपण. मग ज्याच्या त्याच्या लक्षात येईल की आपला पाय बसवला तो कुणी, आणि कशावर. उद्या कुठली आई आपलं लेकरू घेऊन या दारात येईल? भोगायचं कुणाला? तुला नाही, मला नाही. हिला.” त्यानं हनुवटीनं धाकटीकडे खूण केली.

 धाकटीला सकाळपासून हीच भीती होती. फक्त ती थोरल्या दिरांच्या तोंडून बाहेर पडेल असं तिला वाटलं नव्हतं.

“हे मात्र खरं आहे,” जाऊबाई म्हणाल्या. थोरल्याची बायको चाकापासून जमेल तितकी दूर, भिंतीला चिकटून बसली होती. “चादरीखाली होतं तोवर चांगलं होतं. मी या घरात सून म्हणून आले तेव्हा यावर बसून लसूण सोललाय. मला कुणी म्हटलं का, की बाई, उठ?”

“म्हटलं असतं तर उठली असतीस?” आत्यानं विचारलं.

“लसूण घेऊन पळाले असते.”

धाकटा हसला. मग त्याची नजर बायकोच्या फडक्यातल्या मनगटावर गेली आणि हसू ओसरलं. “आत्या, दादा म्हणतो त्यात तथ्य आहे गं. मला आपलं वाटत होतं, इतकी जुनी वस्तू, लोकांनी बघावी. पण हिचं काम बंद पडलं तर…”

“कालपर्यंत तू माझ्या बाजूचा होतास.”

“काल मी चित्र काढत होतो.”

 आत्या म्हणाली, “त्या बाईला चाकाचं सगळं ठाऊक आहे. मला चार गोष्टी नव्या सांगून गेली. हुशार आहे पोरगी. पण तिला अर्ध्याच घराची गोष्ट माहीत आहे. तुम्हालाही अर्धीच माहीत आहे. ते तुकडे आज एका जागी आणते. मग ज्याला जे करवतायचं ते करवता.”

आत्या गोष्ट सांगायला लागली की घड्याळाकडे बघायची सोय नसे. आवाज खाली यायचा आणि ऐकणारा आपोआप पुढं सरकायचा. जाऊबाईसुद्धा भिंतीपासून वीतभर सुटल्या.

शहराला वेस होती त्या काळातली गोष्ट. वेशीबाहेर एक उंचवटा होता आणि तिथं हा दंड व्हायचा. चाक कोरं लागायचं. रस्त्यावर फिरलेलं चालायचं नाही, कारण त्या चाकानं धान्य वाहिलेलं असतं, नवऱ्या मुली वाहिलेल्या असतात. मरणाच्या चाकाला दुसरी आठवण नको. माणसाला जमिनीवर पसरायचं, हातापायांखाली लाकडाचे ठोकळे सरकवायचे, म्हणजे हाडाखाली पोकळी राहते, आणि मग कंगोऱ्याची कड खाली धरून वरून चाक सोडायचं. निकालातच लिहिलेलं असायचं, ‘खालून’ की ‘वरून’. खालून म्हणजे पायांपासून सुरुवात. वरून म्हणजे पहिलाच घाव मानेवर, आणि त्याला दया म्हणत. सगळं झालं की देह चाकाच्या आऱ्यांत गुंतवून खांबावर उंच चढवायचे, पाखरांसाठी.

“पुढं पुढं न्यायाधीश मऊ झाले,” आत्या म्हणाली. “लोकांसमोर वाचायचे ‘खालून’. पण चाकवाल्याला बाजूला घेऊन हळूच वेगळं सांगायचे. म्हणून आपल्या खापरपणजोबाच्या बाहीत एक बारीक दोरी असायची. ठोकळे नीट करायच्या निमित्तानं तो खाली वाकायचा, गळ्याभोवती दोरी आवळायचा, आणि उठायचा तेव्हा खालचा माणूस सुटलेला असायचा. चाक पडायचं ते नुसत्या कुडीवर. गर्दीला वाटायचं, केवढा निर्दय. घरी येताना बायका तोंडं फिरवायच्या, पाववाला पैसे हातात न घेता फळीवर ठेवायला सांगायचा. तो कुणाला काही बोलला नाही. बोलला असता तर दोरी उघडी पडली असती. मला तो माणूस फार मोठा वाटतो. आपण केलेली दया लपवायची आणि शिव्या खात जगायचं. करून बघा म्हणावं.”

थोरला चौकटीत तसाच होता. पण त्याचे पाठीमागचे हात सुटले होते.

“हे बाईला ठाऊक आहे,” आत्या म्हणाली. “दोरीचं तिनंच मला आधी सांगितलं. तिला ठाऊक नाही ती त्याची बायको. देह उतरवायची परवानगी मिळाली की गाडी भरून खड्ड्याकडे न्यायची, हे कामही आपल्याच घराचं. खापरपणजी नवऱ्याला म्हणाली, गाडी आधी माझ्या अंगणात आणा. तिनं अंगणात फळी टाकली आणि एकेक हाड हातानं चाचपून जागेवर बसवायला लागली. गुडघा, नडगी, कोपर. तो म्हणाला, अगं, मेलेत ते. ती म्हणाली, मातीत जाताना माणूस सरळ जावा. आयुष्य वाकडं गेलं असेल, हाड कशाला वाकडं जाऊ द्यायचं? आणि हात चालता ठेवायला ती गायची. पाखराचं गाणं पहिल्यांदा गायलं गेलं ते ज्यांना ऐकूच येत नव्हतं त्यांच्यासाठी.”

 किती खांदे, किती मनगटं धाकटीनं त्या गाण्यावर बसवली होती. घाबरलेल्या पोरांनी तिच्यामागून ते गायलं होतं. पोरासोरांसाठीच ते रचलंय असं तिला वाटत आलं होतं. कुणाच्याही आभाराची आशा न ठेवता, अंगणात वाकून, अनोळखी माणसाचा गुडघा सरळ करणारी ती बाई तिला आत्ता डोळ्यांपुढं दिसली, आणि या घरात आपण सून म्हणून आलो याचा अभिमान वाटला. इतका, की सकाळपासूनची भीती ती क्षणभर विसरली.

“तिची बोटं अशी शिकली,” आत्या म्हणाली. “मग एक गवंडी पडला परांचीवरून. वैद्यांनी पाय कापायचा म्हटलं. त्याची बायको लपतछपत मागच्या दारानं आली. तो चालायला लागला, आणि मग मागच्या दाराला रीघ लागली. तेव्हा खापरपणजीनं नियम घातला. या घरात पुरुष मोडतील, बायका जुळवतील. चाकाला लागलेला हात जुळत्या हाडाला लागायचा नाही. खोलीत असले तर पुरुषांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. पुढं कायदा बदलला, चाक बंद पडलं. शेवटचा चाकवाला ते घरी घेऊन आला आणि त्याच्या बायकोनं ते घोडीवर आडवं घातलं. म्हणाली, आजवर यानं माणसं मोडली, आता यावर जुळतील. तेव्हापासून हे इथं आहे. मोडली त्याहून कितीतरी जास्त जुळली असतील यावर. मला पाटीवर हे हवंय. दोन्ही. अर्धं नको.”

 जाऊबाईंनी पदरानं नाक पुसलं. “पाटी जरा मोठी करायला सांगा त्यांना,” त्या म्हणाल्या. “एवढं मावलं पाहिजे.”

“तू पण?” थोरला म्हणाला.

“मी पण म्हणजे काय? मी लसूण सोललाय त्यावर. माझाही हक्क आहे.”

“चाक बंद पडून कोण जाणे किती काळ लोटला,” थोरला म्हणाला, कुणाकडेच न बघता, “भिंतीकडे तोंड करून उभं राहणं मात्र चालूच आहे.”

आत्यानं मान वळवली. ती काही म्हणणार तोच मागचं दार ढकललं गेलं.

कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. केसांत, भुवयांत पीठ, चेहरा पिठाहून पांढरा, आणि डाव्या हातानं उजवा हात पोटाशी धरलेला. खांद्याची गोलाई गेली होती. तिथं कोपरा आला होता.

“पोतं उतरवत होतो,” तो म्हणाला. “पोतं राहिलं वर, मी आलो खाली.”

“ये,” आत्या म्हणाली. पुरुषांनी सवयीनं भिंतीकडे तोंडं केली. बेकरीवाला दोन पावलं पुढं आला आणि उघड्या चाकाशी थबकला.

“चादर कुठं गेली, आजी?”

थोरला भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, “धुवायला टाकलीय. तू झोप.”

“धुवायला नाही टाकली,” आत्या म्हणाली. “झोपायच्या आधी ऐक. हे टेबल नाही, चाक आहे. यानं पूर्वी माणसं मारलीत. शिक्षेची.”

 पाटी लागल्यावर जे व्हायचं ते आत्ता, या खोलीत, धाकटीच्या डोळ्यांसमोर होणार होतं. बेकरीवाल्यानं कंगोऱ्याकडे बघितलं. मग आत्याकडे.

“कुणी मारली?”

“आमच्या घरानं.”

“कधी?”

“तुझ्या खापरपणजोबाच्या वेळी.”

तो विचारात पडला. “आमचा खापरपणजोबा पिठात खडू मिसळायचा म्हणतात. तो होता का यावर?”

“खडूला चाक नव्हतं. नुसते फटके.”

“मग आपलं काही वाकडं नाही.” त्यानं दुखऱ्या अंगानं वाकून फळीवर गुडघा टेकला. “आजी, माझ्या आईचा पाय यावरच बसवलात ना? ती अजून जिना चढून मला शिव्या द्यायला येते. त्यापूर्वी यावर कोण होतं, ते मी कशाला विचारू? सरका, मला चढू द्या. दुखतंय हो.”

तो पालथा झोपला. उजवा हात कडेवरून खाली लोंबू लागला. जाऊबाईंनी धावून जाऊन कंगोऱ्यावर गोधडी दुमडून घातली. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते पुसायलाही वेळ नव्हता. तिचा हात सवयीनं पुढं झाला आणि मनगटातून कळ मस्तकात गेली.

“वहिनी, तुमच्या हाताला काय झालं?” बेकरीवाल्यानं खालून विचारलं.

“ज्यावर झोपलायस त्यानंच केलं.”

“मी गाडी बोलावतो,” थोरला म्हणाला. “इस्पितळात जाऊ दे.”

“तिथं आज ताटकळायला लागेल. तोवर दंड आवळत जाईल,” आत्या म्हणाली. “थोरल्या सूनबाई, तू बस खाली. मी सांगते तसं धर.”

जाऊबाई जमिनीवर बसल्या आणि विस्तवाला हात लावावा तसा त्यांनी तो हात धरला. ओढला. बेकरीवाला कळवळला. त्यांनी हात सोडून दिला आणि स्वतःच रडायला लागल्या. “मला नाही जमत, आत्याबाई. मी याला मारून टाकीन.”

“आधी गाणं लाव,” आत्या म्हणाली. पण ती बघत होती आपल्या वाकड्या बोटांकडे, आणि धाकटीला वाटलं, आत्याला आपण असं कधी बघितलेलं नाही. खोलीत एवढी माणसं, आणि हात एकाचाही नाही.

तेवढ्यात भिंतीकडून सूर आला.

“किती फिरशील पाखरा, दिस कलला रानात…”

हळू, जाड, ओढत नेलेला. श्वास जिथं सोडायचा तिथंच सोडलेला. धाकटीनं चमकून बघितलं. थोरला अजून भिंतीकडेच तोंड करून उभा होता. ओळ संपली तशी त्याची पाठ हलली, आणि तो वळला.

“थोरल्या,” आत्या म्हणाली.

“नियम मोडतोय, आत्या. रागव, पण नंतर.”

तो येऊन जमिनीवर बसला. जाऊबाई बाजूला झाल्या. त्यानं एक हात मनगटाच्या वर धरला, दुसरा कोपराच्या कुशीत. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. धाकटी त्याचे हात बघत होती. वखारीत ओंडके उचलून राठ झालेले, अंगठ्याची नखं काळी पडलेली, आणि त्या हातांना अजिबात घाई नव्हती. तो ओढत नव्हता. तो फक्त आपला भार त्या हाताला लोंबकळत ठेवत होता, फांदीला टोपली टांगावी तसा, आणि गात होता. नवशिका ओढतो. हाडाला वेळ द्यायचा असतो, दंडाचा स्नायू दमून स्वतःच दार उघडतो, हे समजायला धाकटीला कितीतरी खांदे लागले होते. पहिल्या दिवशी आत्यानं तिचे हात पकडून ठेवले होते. थोरल्याचे कुणी पकडले नव्हते.

“नको भिऊ अंधाराला, हात माझा तुझ्या हाती,
तुझ्या जागेची राखण…”

टक्.

बेकरीवाल्यानं लांब श्वास सोडला. “ओळ पुरी करा की,” तो म्हणाला.

“ती कधी पुरी करायची नसते,” धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू होतं.

मग झोळी बांधणं झालं, ते धाकटीनं डाव्या हातानं आणि जाऊबाईंच्या दातांनी गाठ मारून उरकलं. बेकरीवाल्यानं उठून खांदा हलवून बघितला, आत्याच्या शिव्या खाल्ल्या, परत सरळ उभा राहिला. “वखारवाले भाऊ, तुम्ही इतकी वर्षं लाकडं का फाडत बसलात?” तो म्हणाला.  “पाटी लावाल तेव्हा लिहा, बेकरीवाला यावरून उठून चालत गेला. आईला घेऊन येतो बघायला.” आणि तो मागच्या दारानं खरोखरच चालत गेला.

पुढच्या दाराची घंटी वाजली. “बाई आल्या,” धाकटा म्हणाला आणि वळून बायकोकडे बघू लागला. “काय सांगू?”

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. आत्यानंही. धाकटीला आश्चर्य वाटलं की आता तिला विचार करावा लागला नाही.

“चाक न्या म्हणावं. पण पाटीवर आत्याबाई सांगतील तसं, सगळं. चाकवाल्याचं, दोरीचं, तिचं. आमचं नाव मोठ्या अक्षरांत. जे यायचे थांबतील ते थांबतील. मी साध्या पाटावर हाडं बसवीन.”

“पाट मी करून देतो,” थोरला जमिनीवरूनच म्हणाला. “गोल.”

धाकटा बाहेर गेला. पुढच्या खोलीतून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. जाऊबाई चहा टाकायला उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि नवरा उठत नाही हे बघून तिथंच थांबल्या.

थोरला चाकाला पाठ टेकून बसला होता, दोन्ही हात मांडीवर उताणे.  धाकटीनं त्याला अशा अवस्थेत कधी पाहिलं नव्हतं. घरात शेवटचा शब्द त्याचा. वखारीत त्याच्या खोकल्यानं माणसं गप्प होत. आणि इथं तो एखाद्या दमलेल्या पाहुण्यासारखा बसला होता, कुणी पाणी विचारील का याची वाट बघत. तिनं तांब्या पुढं केला. त्यानं घेतला, पण प्यायला नाही.

आत्या खुर्चीतून उठली. तिला वेळ लागला. ती येऊन फळीच्या कडेला बसली, त्याच्या डोक्याशी.

“कुणाकडून शिकलास?”

“तुझ्याकडूनच. तू पाठीमागे काम करायचीस, मी भिंतीकडे बघत उभा असायचो. गाणं कुठं थांबतं, तू श्वास कधी घेतेस, गोधडी कधी सरकते, माणूस कधी ओरडतो. सगळं कळतं पाठीला. वखारीत दुपारी माणसं जेवायला गेली की मी फांद्यांवर करून बघायचो. फांदीला दुखत नाही, हे बरं.”

“आणि तेच चाक फोडायला निघाला होतास.”

“ते घरात आहे तोवर माझे हात मोडणाऱ्याचे. तू मघाशी सांगितलास तोच नियम, मी लहानपणापासून पाळत आलोय. मला वाटलं, ते गेलं तर नियमही जाईल.”

आत्यानं त्याच्या हातांकडे बघितलं. “मी म्हणायची, थोरल्याला या खोलीची किळस आहे. लहान होतास तेव्हाही दारातच उभा राहायचास. तोंड आंबट करून. एकदा मी तुला पाणी आणायला सांगितलं आणि तू आणून ठेवलंस, आणि पळालास. मला वाईट वाटायचं रे. म्हणून मी तुला कधी आत बोलावलं नाही.”

दारात जाऊबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पुढच्या खोलीत धाकटा बाईंना काहीतरी मोठ्यानं समजावत होता, बहुतेक स्वतःच्या चित्राबद्दल. धाकटीला वाटलं आपण इथून उठावं, पण तिला उठता येईना.

थोरल्यानं तांब्या खाली ठेवला.

“किळस नव्हती, आत्या,” तो म्हणाला. “हेवा होता. तू मला हाक मारशील म्हणून मी दारात उभा राहायचो. मला शिकायचं होतं.”